सुगंधाकाकीचे अकरा सेकंद

रेश्माचा फोन आला तेव्हा मी पुण्यात वर्गावर होते. माहितीपट कसा जोडायचा, म्हणजे संकलन, हे शिकवायचं काम मी गेली काही वर्षं करते. फोन वाजला, मी कापला. लगेच पुन्हा वाजला, तेव्हा व्हरांड्यात येऊन घेतला. रेश्मा म्हणजे सुगंधाकाकीची सून. ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "ताई, आई गेल्या. सकाळी च्या घेतला, म्हणाल्या जरा पडते... नि उठल्याच नाय." मग तीच पुढे म्हणाली, "बाबांच्या आधी गेल्या. सगळी बोलतायत, अहेव गेली, नशिबाची होती." अशा वेळी जे बोलायचं असतं ते मी बोलले. "निघतेच," असंही म्हणाले. मग आत गेले आणि उरलेला वर्ग पूर्ण केला. त्या दिवशी मी निघाले नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. रत्नागिरीला पोचायला मला पंधरा दिवस लागले. कारण विचारणाऱ्यांना मी परीक्षांचं सांगितलं. खरं कारण आज इथे लिहिते आहे. ज्या बाईला मी हजारो लोकांसमोर विधवा केलं होतं, ती सवाष्ण म्हणून गेली होती, आणि तिच्या नवऱ्यासमोर जाऊन बसायची माझी छाती होत नव्हती.

सुगंधाकाकी आमच्याकडे मासे घेऊन यायची. रत्नागिरीत आमचं घर शाळेच्या मागच्या बाजूला होतं, वडील त्याच शाळेत शिक्षक. मालगुंडच्या अलीकडे खाडीच्या तोंडाशी काकीचं गाव. तिथून पहिल्या एसटीने ती यायची, आठवड्यातून तीनदा, डोक्यावर पाटी घेऊन, आणि आमच्या पायरीवर पाटी उतरवून पहिल्यांदा पाणी मागायची. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ते घामाने ओघळलं की पदराच्या टोकाने कडा नीट करून घ्यायची, आणि त्यासाठी आमच्या खिडकीच्या काचेत वाकून बघायची. मला ती 'बाय' म्हणायची. बांगड्याचे कल्ले उचलून लाल रंग बघायला तिनेच मला शिकवलं, आणि डोळा बघायला. "डोळा खोटा नाय बोलत, बाय. माशाचा पण नाय," असं म्हणून ती स्वतःच हसायची. आईशी तिची भांडणं व्हायची, ती बहुतेक वाट्यात मांदेली किती यावरून, आणि भांडण मिटलं की दोघी पायरीवर बसून नवऱ्यांची उणीदुणी काढायच्या. यशवंतकाका, म्हणजे काकीचे यजमान, होडीवर जायचे. त्यांचा विषय निघाला की काकी तोंड वाकडं करून तक्रार करायची, "आमचा माणूस म्हणजे, भूक लागली की दर्यातून हाक मारतो. गावाला वाटतं होडी बुडाली." तक्रार होती ती, पण सांगताना तिचा चेहरा उजळलेला असायचा. हे माझ्या लहानपणीही मला कळायचं.

दहाएक वर्षांपूर्वी मी एक माहितीपट करायला घेतला. समुद्रावर गेलेले आणि परत न आलेले खलाशी, आणि त्यांच्या मागे राहिलेल्या बायका, असा विषय होता. मी या बायकांच्या घरात शिरणार कशी? साहजिकच काकीकडे गेले. तिने दोन दिवस नुसतं ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी मला घेऊन खाडीपलीकडच्या वाडीत गेली, एका बाईच्या ओटीवर बसली, आणि माझी ओळख करून देताना म्हणाली, "ही आपलीच हाय. ही वंगाळ करायची नाय." त्या बाईंना मी इथे शेवंतीबाई म्हणते. त्यांचे यजमान त्याआधी सहा वर्षं एका वादळात गेले होते, देह मिळाला नव्हता. शेवंतीबाई बोलायला तयार झाल्या, पण तोंड दाखवणार नाही म्हणाल्या. मुलीचं लग्न ठरत होतं. मी कबूल केलं. मग त्या जे बोलल्या, तसं बोलणं मी त्याआधी आणि त्यानंतरही कधी ध्वनिमुद्रित केलेलं नाही. एका ठिकाणी त्या म्हणाल्या, "येतील असं आता वाटत नाय. पण दुपारची होड्या यायची वेळ झाली की डोळे जातात. डोळ्यांना कोण सांगणार?"

इथे माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. मुलाखत चालू असताना मध्येच पडद्यावर दुसरं काहीतरी येतं, बोलणाऱ्याचे हात, चूल, वाळत घातलेलं जाळं. आम्ही त्याला कटअवे म्हणतो. मूळ उपयोग झाकण्याचा. बोलण्यातलं एखादं वाक्य कापलं की चित्र उडी मारतं, ती उडी दिसू नये म्हणून वर हे ठेवायचं. नवीन मुलं त्याला ठिगळ समजतात आणि कामाच्या शेवटच्या तासात घाईघाईने पंधरावीस चित्रं गोळा करतात. पण माहितीपटाचा जीव पुष्कळदा त्यातच असतो. बाई म्हणते, घर रिकामं झालं. तेव्हा रिकामं घर दाखवू नये. काठोकाठ भरलेली घागर दाखवावी, म्हणजे ती एकटीसाठी भरली आहे हे बघणाऱ्याच्या मनात आपोआप येतं. चित्र तेच असतं, त्याच्या शेजारी काय ठेवलं यावर ते काय बोलणार हे ठरतं. हे मी इतकी वर्षं वर्गात सांगत आले आहे, आणि अजूनही ते खरं आहे असंच मला वाटतं. फक्त त्यात एक गोष्ट मी सांगत नसे. घागरीला काही वाटत नाही... माणसाला वाटतं.

शेवंतीबाईंचा चेहरा नव्हता, त्यामुळे मला असल्या चित्रांची फार गरज होती. आमच्या कॅमेरामनने आठवडाभर पुष्कळ काही टिपलं. त्यात अर्धा दिवस काकीचा होता. मासे साफ करताना, सुकत घातलेल्या सोड्यांवरून कावळे हाकलताना, कॅमेऱ्याला लाजताना, मग लाज गेल्यावर त्याच्याशीच गप्पा मारताना. आणि एक चित्र किनाऱ्यावरचं. दुपारच्या उन्हात ती उभी आहे, वाऱ्याने पदर उडतो आहे, कपाळाशी आडवा हात धरून ती समुद्राकडे बघते आहे. हाताच्या सावलीत कपाळ झाकलं गेलं होतं. कुंकू दिसत नव्हतं. जोडकाम करताना मी ते चित्र शेवंतीबाईंच्या त्या वाक्याखाली ठेवून पाहिलं, आणि माझ्या अंगावर काटा आला. "डोळे जातात..." आणि काकीचे ते बारीक केलेले डोळे. अकरा सेकंद. मूळचा आवाज काढून मी तिथे नुसता लाटांचा आवाज टाकला. ही काकी आहे, ही विधवा नाही, हिचा नवरा धडधाकट आहे, हे मला माहीत होतं. मनात आलंही होतं. पण मी स्वतःला म्हटलं, ही कुणी एक बाई नाही, ही 'वाट बघणं' आहे. असली वाक्यं मला तेव्हा सहज सुचत.

पहिला खेळ काकीच्याच गावात, देवळाच्या सभामंडपात करायचा हा हट्ट माझा. काकी आणि काका पहिल्या रांगेत सतरंजीवर बसले होते. काकीने मोरपिशी साडी नेसली होती आणि गजरा माळला होता. शेवंतीबाई आल्या नव्हत्या. माहितीपट सुरू झाल्यावर आपली होडी, आपली माणसं दिसली की लोक नावं घेत होते, हसत होते. मग शेवंतीबाईंचा आवाज सुरू झाला आणि सगळे गप्प झाले. ते वाक्य आलं, आणि पडद्यावर काकी आली. मागून एका बाईने म्हटलं, "अगो, ही तर सुगंधा. हिचा घो तर पुढ्यात बसलाय." दोनचार जण हसले. काका पण हसले. मग हसू जसं आलं तसं विरून गेलं, कारण काकीने पदर डोक्यावरून ओढून घेतला होता आणि ती उठून बाहेर चालली होती. मी मागे गेले नाही. दिवे लागल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या घेत मी पुढे उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी काकी आमच्या घरी आली. पाटी नव्हती. पायरीवर बसली, पाणी मागितलं नाही. म्हणाली, "बाय, तेवढं काढ." मी तिच्या शेजारी बसले आणि तिला समजावू लागले. आज ते आठवलं की कान गरम होतात. मी तिला म्हटलं, विधवा असणं म्हणजे काही पाप नाही काकी, अपशकुन तर मुळीच नाही, आपणच हे मानतो म्हणून त्या बायकांचे हाल होतात. ती शांतपणे ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "वाईट नाय गो. मी कुठे वाईट बोलले? पण मी नाय ना." मग पुढे म्हणाली, "आणि तिचं दुःख तिचं हाय. तिने तोंड लपवलं, तर ते माझ्या तोंडाला कशाला लावलंस?" मी म्हटलं, काढते. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती एसटीला गेली.

मी ते काढलं नाही. माहितीपट एका महोत्सवाकडे आधीच गेला होता, हे पहिलं कारण. तिथे बक्षीस मिळालं आणि ज्याने त्याने त्याच अकरा सेकंदांबद्दल विचारलं, हे दुसरं. 'त्या बाईच्या डोळ्यांत सगळा समुद्र आहे,' असं एका परीक्षकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. ते चित्र भित्तिपत्रकावर आलं. मग माहितीपट इंटरनेटवर गेला. मी शिकवायला लागले, तेव्हा कटअवे काय करू शकतो याचं उदाहरण म्हणून तेच दाखवत राहिले. मुलं विचारायची, या बाईंचं पुढे काय झालं? मी म्हणायची, ठीक आहेत. काकीने मला फोनवर दोनदा विचारलं, तेही आडून. "झालं का गो तुझं काम?" मी दोन्ही वेळा "चालू आहे," म्हटलं. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही.

त्यानंतर आई गेली, रत्नागिरीच्या फेऱ्या कमी झाल्या. एकदा मासळी बाजारात मी काकीला लांबून पाहिलं. तिच्या मांडणीपुढे गर्दी होती. मी वळले आणि नारळवाल्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले, नको असलेले नारळ वाजवून बघत. ती मला पाहणार नाही अशी माझी समजूत. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारणीने घरी साफ केलेली मांदेली आणून दिली. "सुगंधाने पाठवली. बोलली, बायला आवडतात." तिने पाहिलं होतं... माझं तिच्याशी शेवटचं जे काही झालं ते एवढंच, की ती मला दिसली आणि मी लपले.

पंधरा दिवसांनी मी तिच्या घरी गेले तेव्हा रेश्माने मला मागच्या पडवीत बसवलं. ती काही लपवणारी मुलगी नाही. चहाचा कप हातात देत तिने मला सांगितलं, की त्या खेळानंतर काकीने काकांना बरेच दिवस होडीवर जाऊ दिलं नव्हतं. देवीची ओटी भरली, नवस बोलली. काका मग गेले आणि सुखरूप आले, पण गावाच्या तोंडी 'पिक्चरमधली बाई' हे नाव राहिलं. "पुतण्याच्या लग्नात पाच सवाष्णी बसवायच्या होत्या," रेश्मा म्हणाली. "आईंचं नाव दरवेळी पहिलं असायचं. त्यावेळी कुणी मुद्दाम टाळलं असं नाय. सांगायलाच कुणी आलं नाय. त्या नेसून तयार होऊन बसल्या होत्या. दुपारी साडी बदलली नि मासे उन्हात टाकायला गेल्या." मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? रेश्मा म्हणाली, "त्या नको बोलल्या. बोलल्या, पोर शरमेल."

काका पुढच्या खोलीत होते. ऐकायला कमी येतं आता त्यांना. मी पाया पडले. त्यांनी मला बराच वेळ नीट बघून घेतलं आणि मग विचारलं, "बाय, तुझ्याकडे तिचं शूटिंग हाय ना? अर्धा दिवस करत होता तुमचा माणूस." ते म्हणाले, "आमच्याकडे लग्नातला एक फोटो हाय, त्यात ती खाली बघते. नि आधारकार्ड. चालताबोलता काय नाय. जेवढं असेल तेवढं दे मला." मी हो म्हटलं, आणि पुण्याला परतले ती थेट कपाटातल्या जुन्या डिस्क काढायला. मला खरं तर माहीत होतं, तरी मी तीन दिवस शोधत राहिले. ते चित्रीकरण नव्हतं. माहितीपट पूर्ण झाल्यावर दोनेक वर्षांनी, दुसऱ्या कामासाठी डिस्क लागली म्हणून, वापरलेले तुकडे ठेवून बाकीचं सगळं मीच पुसून टाकलं होतं. कावळे हाकलणारी काकी, लाजणारी काकी, कॅमेऱ्याशी गप्पा मारणारी काकी... काहीच राहिलं नव्हतं. राहिलं होतं एकच चित्र, कारण ते उपयोगी पडलं होतं.

पण वापरलेला तुकडा अकरा सेकंदांचा असला तरी मूळ चित्र थोडं लांब होतं, आणि त्याचा मूळ आवाज तसाच होता. तो मी काढून टाकल्यानंतर पुन्हा कधी ऐकलाच नव्हता. आता ऐकला. वारा घोंघावतोय, आणि वाऱ्यामागून पाण्यावरून एक पुरुषी आवाज येतो, "डबा आणलास काय?" काकी कपाळाशी हात धरून बघते आहे ती समुद्राकडे नाही, आत येणाऱ्या होडीकडे. मी जिथे कापलं होतं त्याच्या पुढच्याच क्षणी हात खाली येतो, भलंमोठं कुंकू उन्हात येतं, आणि ती सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं ओरडते, "आणलाय. आधी हातपाय धुवा." आणि हसते. इतकी वर्षं मी वर्गात ज्याला 'न संपणारी वाट' म्हणत आले, तो भुकेल्या नवऱ्याला दटावायच्या आधीचा एक क्षण होता.

तेवढं चित्र घेऊन मी परत रत्नागिरीला गेले. रेश्माच्या मोबाइलवर घालून दिलं, आवाज मोठा केला, मोबाइल काकांच्या कानाजवळ धरला. त्यांनी पाहिलं. मग परत लाव म्हणाले. पाचसहा वेळा पाहून झाल्यावर विचारलं, "एवढंच?"

"एवढंच, काका."

"बाकीचं?"

"पुसलं मी."

"कशाला गो पुसलंस?"

"जागा नव्हती."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. भिंतीवरच्या फोटोकडे त्यांनी पाहिलं, त्यात काकी खरंच खाली बघते आहे. मग मला म्हणाले, "ती गेली तेव्हा मी होतो. तिच्या उशाशी होतो. हे सांग आता लोकांना. त्यांना ठावं नाय." मी सांगते म्हटलं. याआधीही याच घराला मी एक शब्द दिला होता, हे त्यांना आठवत असणार. मला तर आठवतच होतं.

माझ्या हातात असलेल्या प्रतींमधून मी ते अकरा सेकंद काढले आहेत. तिथे आता काळा पडदा आहे आणि शेवंतीबाईंचा आवाज. बघितल्यावर एकाने मला सांगितलं, माहितीपट तिथे पडतो. पडतो, खरंय. जिथे जिथे तो आधीच जाऊन पोचला आहे तिथल्या प्रती मला परत आणता येणार नाहीत. काकी तिथे विधवाच राहणार आहे. म्हणून हे लिहिते आहे. ज्यांनी तो माहितीपट पाहिला असेल, त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की किनाऱ्यावर उभी असलेली ती बाई कुणाला हरवून बसलेली नव्हती. तिचं नाव सुगंधा. तिचा नवरा समोरून येत होता.

त्या दिवशी निघताना काका मला रिक्षापर्यंत पोचवायला आले. मी बसले, हात केला. त्यांनी केला नाही, पाठ फिरवली आणि घराकडे चालू लागले. रिक्षा वळवून घ्यायला जागा कमी होती, त्यामुळे मला दिसत राहिलं. काका दारापाशी थांबले. आत कुणी नव्हतं, रेश्मा मागच्या बाजूला होती. पायरीजवळच्या बादलीतून त्यांनी तांब्या भरला, आधी हात धुतले, मग एक पाय, भिंतीला टेकून दुसरा. पाणी निथळेपर्यंत तिथेच उभे राहिले. मग आत गेले.